गप्प म्हणजे मोकळं

आमच्या कोल्बीला डोक्यामागे डोळे आहेत, असं शर्यतीच्या ट्रॅकवर सगळे म्हणायचे. मी ऐकून घ्यायचो. ते डोळे माझे होते, आणि ते त्याच्या डोक्यामागे नव्हते. ते समालोचकाच्या खोलीच्या पत्र्यावर होते, जाड भिंगांच्या चष्म्यामागे.

मी व्हर्नन एकर्स. वय एकसष्ट, दोन्ही गुडघे गेलेले. बत्तीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय घासले. कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशी त्यांनी आम्हाला एकेक खुर्ची दिली. तिचा एक पाय आखूड आहे. कोल्बी हार्लेस हा माझ्या धाकट्या बहिणीचा, लॉरीनचा मुलगा. तो चार वर्षांचा असताना त्याचा बाप फ्लोरिडाला काम बघायला गेला, तो अजून बघतोच आहे. त्यामुळे पोराला सायकल शिकवणं, हरणाच्या शिकारीला नेणं, दाढी कशी करायची ते दाखवणं, सगळं माझ्या गळ्यात पडलं. मला स्वतःचं मूल नाही. बायको होती, ती मी दर शनिवारी ट्रॅकवर असतो म्हणून वैतागून गेली. तिचंही काही चुकलं नाही.

शर्यतीच्या गाडीत बसलेल्या माणसाला समोरचं दिसतं, बाजूचं नाही. हेल्मेट पट्ट्यांनी बांधलेलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना सीटचे जाड कान, वरती एक आरसा आणि तोही सतत थरथरणारा. शेजारी कोण आहे हे सांगायला उंचावर एक माणूस लागतो. त्याला स्पॉटर म्हणतात. त्याने रेडिओवर सांगायचं आणि खालच्याने न बघता ऐकायचं. दहा वर्षं मी सांगत आलो आणि पोर ऐकत आलं.

तो बारा वर्षांचा असताना आम्ही त्याला चार सिलिंडरच्या छोट्या गाडीत बसवला. गाडी भंगारातली, सीट दुसऱ्याची, आणि रेडिओ बंद पडलेल्या कारखान्याच्या पहारेकऱ्यांचे. ते रेडिओ बटण दाबलं की पहिला शब्द गिळायचे. आता या कामात खरा शब्द एकच असतो, ‘मोकळं’. म्हणजे तुझ्या आतल्या बाजूला आता कोणी नाही, खाली ये. आमच्याकडे गाड्या डावीकडेच वळतात, आतली बाजू ती खालची, आणि जो खालून जातो त्याला अंतर कमी कापावं लागतं. सगळे स्पॉटर घसा फाडून तोच शब्द ओरडतात. आमचा रेडिओ नेमका तोच गिळायचा. पहिल्या तीन शर्यती पोरगं बाहेरच्या बाजूला लटकत राहिलं आणि शेवटून दुसरं आलं.

तिसऱ्या शर्यतीनंतर तो टायरवर बसून तळलेल्या बोलोन्याचं, म्हणजे मांसाच्या चकतीचं, सँडविच खात होता. तोंडात घास ठेवूनच म्हणाला, “मामा, तू ‘मोकळं’ म्हणूच नकोस.”

“मग काय म्हणू? चर्चमधलं गाणं म्हणू?”

“शेजारी कोणी असेल तोवर बोलत राहा. आहे, आहे, अजून आहे. तू गप्प झालास की मी समजेन.”

बारा वर्षांच्या पोराला हे सुचलं. मला सोयीचं वाटलं. गप्प बसणं मला जमतं, कारखान्यातली बत्तीस वर्षं त्या एका गुणावरच निघाली.

पुढच्या शर्यतीत तो चौथा आला. त्यात जादू काही नव्हती. बाकीच्यांचा स्पॉटर बघणार, तोंड उघडणार, शब्द म्हणणार, तो खालच्याच्या कानात शिरणार, मग त्याचा हात वळणार. आमच्याकडे माझं तोंड मिटेपर्यंत त्याचा हात वळलेला असायचा. या खेळात तेवढ्या वेळात अर्धी गाडी पुढे निघून जाते. लोकांना वाटायचं, पोराला फट आधीच दिसते. त्या वर्षी उन्हाळा संपेपर्यंत त्याने दोन शर्यती जिंकल्या आणि लॉरीनने चषक ठेवायला फ्रिजवरचा ब्रेडचा डबा हलवला.

आमच्या ट्रॅकवर झेंडे दाखवायचा गार्नेट शेलर. झेंड्यांच्या उंच मचाणावर चाळीस वर्षं उभा राहून त्याचा एक कान बहिरा झालेला. त्याला आमची ही पद्धत कळली तेव्हा त्याने मला कॉफीच्या खिडकीपाशी गाठलं.

“व्हर्नन, रेडिओ मेला तर काय करशील? मेलेला रेडिओपण गप्पच असतो ना रे.”

“अजून तरी मेला नाही.”

“तू खुर्च्या करायचास ना? अजून कोणी पडला नाही म्हणून मोडका पाय चालवून घ्यायचास का?”

“पोर जिंकतंय, गार्नेट.”

“जिंकतंय म्हणूनच सांगतोय. हरत असतं तर आपोआप सुधारलं असतं.”

मी कॉफी घेतली आणि जिना चढलो. दोन वर्षांनी चांगले रेडिओ आले, पहिला शब्द न गिळणारे. तेव्हा सवय बदलायला हवी होती. पण आमच्याकडे जिंकणाऱ्या गाडीवरची धूळ पुसायलासुद्धा लोक घाबरतात. पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या जागी, कोणी भुईमुगाची शेंग फोडली तर अपशकुन म्हणून मारामारी होते. तिथे चालती सवय कोण मोडणार? मी तर नाहीच मोडली.

पंधराव्या वर्षी तो मधल्या वर्गात गेला, अठराव्या वर्षी लेट मॉडेलमध्ये, म्हणजे आमच्या शनिवारच्या शर्यतींतल्या सगळ्यात वरच्या गाड्यांत. लोकांना वर चढणं म्हणजे चषक हातात घेतलेला फोटो वाटतो. मला आठवतं ते वेगळं. सोमवार ते शुक्रवार तो एका गॅरेजमध्ये लोकांच्या ठोकलेल्या गाड्या सरळ करायचा. तिथून सुटला की माझ्या शेडमध्ये येऊन स्वतःची ठोकलेली गाडी सरळ करायचा. शनिवारी पहाटे ट्रेलर जोडायचा, दोन डोंगर उतरायचे, दिवसभर रांगेत उभं राहायचं, गाडी वजनकाट्यावर चढवायची, उतरवायची, पुन्हा चढवायची. रविवारी चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की त्याचं डोकं लॉरीनच्या खांद्यावर पडायचं. पाद्रीसुद्धा त्याच्या बाजूला वळला की आवाज खाली आणायचा. विशीतच त्याच्या डोळ्यांखाली माझ्यासारख्या पिशव्या आल्या. जिंकला तरी उड्या मारायचा नाही. गाडीतून उतरायचा, टपावर एकदा हात ठेवायचा आणि पाणी मागायचा.

एकदा ट्रेलर ओढत घरी येताना मी विचारलं, “कंटाळलास का रे?”

“हो.”

“मग सोडून देऊ या.”

“मामा, दमलोय. सोडायचंय कुठे म्हणालो?”

एवढं बोलून तो खिडकीला डोकं टेकून झोपला. थांबायला तो तयार नव्हता आणि मी तर मुळीच नव्हतो.

बाविसाव्या वर्षी, ऑक्टोबरमध्ये, तीनशे फेऱ्यांची मोठी शर्यत होती. आमच्या पट्ट्यातली वर्षातली सगळ्यात मानाची, दुपारची. शेवटच्या आठ फेऱ्या राहिल्या तेव्हा कोल्बी तिसरा होता, आणि आतल्या बाजूला एक गाडी त्याच्या दाराला चिकटलेली. मी बोलत होतो, “आहे, आहे, दारापाशी, मागच्या चाकापाशी, आहे.” मग ती गाडी हातभर मागे सरकली आणि मी तोंड मिटलं. तो त्याच क्षणी खाली आला, पुढच्या दोघांच्या आत शिरला आणि वळणातून पहिला बाहेर पडला. स्टँडमधले लोक बाकांवर चढले. छपरावरचे बाकीचे स्पॉटर माझ्याकडे बघायला लागले. शेवटपर्यंत तो पुढेच राहिला.

खाली गेलो तर ह्यू स्टॅनफिल कोल्बीसमोर उभा होता. पिकअप ट्रकच्या शर्यतींच्या देशभरच्या मालिकेत त्याचे दोन ट्रक धावायचे. त्यांपैकी एक त्याचा नातू प्रेस्टन चालवायचा. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज. त्याने विचारलं, “तिथे जागा आहे हे तुला कसं कळलं?”

कोल्बीने माझ्याकडे बघितलं. मी वायर गुंडाळत होतो.

“कळतं,” तो म्हणाला.

मामा सांगतो, असं म्हणाला नाही. तो बावीसचा होता आणि समोर ह्यू स्टॅनफिल उभा होता. त्याच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. तरी ते लागलं. घरी येईपर्यंत लागत राहिलं आणि पुढेही.

स्टॅनफिलने त्याला पुढच्या उन्हाळ्यात सहा शर्यती देऊ केल्या. पाच होईपर्यंत पोराने लायकी दाखवली तर पुढचं अख्खं वर्ष ट्रक त्याचा. म्हणजे गॅरेज सुटलं, शेड सुटली, शनिवारची ती हमाली सुटली. लॉरीन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिने ही बातमी तिथे सांगितली तेव्हा त्या दिवशी पोरांना कॉर्नब्रेड दुप्पट मिळाला. अट एकच होती. गाडी त्यांची, माणसं त्यांची, छपरावरचा माणूसही त्यांचाच.

कोल्बी सांगायला आला तेव्हा दारातच उभा राहिला. “मामा, मी विचारून बघू का त्यांना? तुझ्याबद्दल?”

“काही नको. माझे गुडघे त्या उंच जिन्यांना पुरायचे नाहीत. जा तू.”

गुडघ्यांचं खरं होतं. बाकी खरं नव्हतं.

जूनमध्ये पहिल्या शर्यतीच्या आधीच्या मंगळवारी मी लॉरीनच्या मागच्या ओसरीवर बसून घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढत होतो. फोन वाजला.

“मिस्टर एकर्स? मी बर्क टोलिव्हर. शुक्रवारपासून कोल्बीसाठी वर मी उभा असेन. तुम्ही दहा वर्षं त्याच्या कानात आहात. मला काही माहीत असायला हवं का? काही सवय, काही खोड?”

इतक्या अदबीने विचारलं त्या माणसाने. त्याला शोधून फोन करायची गरज नव्हती. मी दोन शेंगा मोडल्या.

“नाही,” मी म्हणालो. “चांगला चालवतो. तुमच्या लक्षात येईलच.”

तुमच्या लक्षात येईलच, हे मी कशासाठी म्हणालो ते मला म्हणतानाच माहीत होतं. मला त्यांचं अडायला हवं होतं. पोर दोन-तीन शर्यतींत चाचपडेल, मागे पडेल, मग स्टॅनफिल म्हणेल, त्या म्हाताऱ्याला बोलवा. मला अपघात नको होता. देवाशपथ नको होता. मला फक्त पुन्हा एक फोन यायला हवा होता. मन मोकळं केलं की हलकं वाटतं म्हणतात. हे लिहिताना मला तसं काही वाटत नाहीये.

पहिल्या शर्यतीत तो सतरावा आला, मग बारावा, मग नववा, मग आठवा. टोलिव्हर चांगला माणूस होता आणि चांगला स्पॉटर होता. स्वच्छ आवाजात ‘मोकळं’ म्हणायचा. कोल्बी तो शब्द ऐकायचा, मग खाली यायचा. टीव्हीवर बघताना लॉरीन म्हणायची, “हा असा का चालवतोय? पाय अडखळल्यासारखा?” मी म्हणायचो, नवीन गाडी आहे. पोर मेहनत घेत होतं. दहा वर्षांची सवय दाबून धरून चालवत होतं. ते फक्त मला दिसत होतं.

पाचवी शर्यत आमच्यापासून दोन तासांवर, अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर. ऑगस्टची दुपार. डांबर मऊ झालेलं, स्टँडमधले लोक टॉवेल ओले करून डोक्यावर घेत होते. लॉरीन आणि मी वरच्या रांगेत बसलो होतो. मी रेडिओ ऐकायचं यंत्र भाड्याने घेतलं होतं. तिथे सगळेच घेतात, आपल्या माणसाच्या कानात काय चाललंय ते ऐकू येतं.

दोनशेपैकी एकशे साठ फेऱ्या झाल्या होत्या. कोल्बी पाचवा होता. पाचवा आला असता तर काम झालं होतं, स्टॅनफिलच्या माणसाने लॉरीनला सकाळी तसं सांगितलंही होतं. पण त्याचा आवाज मला ऐकू येत होता. तासभर तो फक्त “हं” म्हणत होता, आणि ते ‘हं’सुद्धा उशिरा येत होतं. ट्रकच्या आत भट्टी असते. दमलेला माणूस नवीन शिकलेलं आधी विसरतो.

प्रेस्टनचा ट्रक त्याच्या आतल्या बाजूला आला. टोलिव्हर बोलत होता, “आत आहे. आत. दारापाशी. अजून दारापाशी.” तेवढ्यात पुढच्या वळणावर एका ट्रकचा मागचा भाग घसरला. टोलिव्हर तिकडे बघत असणार, कोणीही बघितलं असतं. फार तर एक सेकंद तो बोलला नाही.

माझ्या कानात शांतता झाली आणि मला कळलं. सगळ्या ट्रॅकवर त्या शांततेचा अर्थ मला आणि पोराला, दोघांनाच माहीत होता. मी उभा राहिलो आणि ओरडलो, “आहे! आहे! अजून आहे!” पुढच्या बाईच्या हातातलं हॉटडॉग खाली पडलं. ती मागे वळून माझ्याकडे बघायला लागली.

कोल्बी खाली आला. न घाबरता, न चाचपडता, जसा मी गप्प झाल्यावर हजारदा आला होता तसा, सरळ. पाच शर्यतींत तेवढ्या एका वेळी तो स्वतःसारखा चालवत होता. प्रेस्टनच्या पुढच्या चाकावर तो चढला आणि दोन्ही ट्रक भिंतीला भिडले. स्टॅनफिलचे दोन्ही ट्रक, एकाच ठिकाणी.

आत माणूस धड असेल तर तो खिडकीची जाळी खाली टाकतो. प्रेस्टनची लगेच पडली. कोल्बीची पडेना. लॉरीनने माझा दंड धरला होता. तिच्या बोटांचे वळ चार दिवस राहिले. मग जाळी पडली, वाकडीतिकडी, कारण त्याने ती उजव्या हाताने काढली होती. डावं मनगट मोडलं होतं.

माइक तोंडासमोर आला तेव्हा तो म्हणाला, “माझी चूक. मी थांबायला हवं होतं.” स्टॅनफिलने त्याच्या धड हातात हात दिला आणि म्हणाला, “नीट बरा हो.” सहाव्या शर्यतीला दुसरं कोणीतरी बसलं. त्यानंतर तिकडून फोन आला नाही, येणारही नव्हता.

टोलिव्हरने मला गाड्या लावायच्या मैदानात गाठलं. टोपी काढून हातात धरली होती.

“मिस्टर एकर्स, मी ‘मोकळं’ म्हणालो नव्हतो.”

“माहीत आहे. मी ऐकत होतो.”

“मग तो खाली आला कशाला?”

“ऊन लागलं असेल,” मी म्हणालो.

म्हणजे मी त्याच माणसाशी दुसऱ्यांदा खोटं बोललो. त्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि तो गेला.

हिवाळ्यात कोल्बी पुन्हा गॅरेजमध्ये लागला. प्लास्टर निघालं पण मनगट पहिल्यासारखं वळत नव्हतं. गावातले लोक चांगले वागले, म्हणजे त्यांनी विषय काढला नाही. गार्नेटने तर मला बघून रस्ता बदलला, आणि त्याचा मला राग आला नाही. कोल्बी शेडमध्ये यायचा, जुन्या लेट मॉडेलचा पत्रा घासायचा, लॉरीनने पाठवलेले घेवड्याचे दाणे आणि कॉर्नब्रेड खायचा आणि जायचा. आम्ही नट-बोल्टांबद्दल बोलायचो. मी रोज ठरवायचो, आज सांगू. रोज जिवावर यायचं. सहा महिने असे गेले.

फेब्रुवारीत एका दुपारी तो गाडीखाली होता. मला त्याचे फक्त बूट दिसत होते. कदाचित त्यामुळेच मला जमलं.

“कोल्बी, टोलिव्हरने मला फोन केला होता. जूनमध्ये. तुझी काही सवय आहे का विचारत होता.”

पाना थांबला.

“मी नाही म्हणालो. मुद्दाम म्हणालो. तुझं माझ्याशिवाय चालू नये असं वाटत होतं मला.”

गाडीखालून आवाज आला, “माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“फोनचं. टोलिव्हरने नोव्हेंबरमध्ये सांगितलं. शिकारीचा मोसम सुरू झाला त्या दिवशी आला होता घरी. त्याला झोप लागत नव्हती म्हणाला.”

“मग बोलला का नाहीस तू?”

“तू बोलशील म्हणून थांबलो.”

मी त्या आखूड पायाच्या खुर्चीवर बसलो. तो सरकत बाहेर आला, पण उठला नाही, जमिनीवरच पाठीवर पडून राहिला. छताकडे बघत म्हणाला, “मी पण नाही सांगितलं त्याला. दहा वेळा तोंडापर्यंत आलं. म्हटलं, ते म्हणतील हे पोर स्वतः चालवतच नाही, मामा चालवतो. स्टॅनफिलला ‘कळतं’ म्हणून बसलो होतो ना.”

“तू बावीसचा होतास. मी एकसष्टचा.”

“हो,” तो म्हणाला. “ते आहेच.”

त्याने मला सोडवलं नाही. मी माफी मागितली, पण त्याने ‘जाऊ दे’ म्हटलं नाही. पाना उचलून तो पुन्हा गाडीखाली गेला. मला रडायला येत होतं, पण शेडमध्ये थंडी फार होती आणि नाक तसंही गळत होतं, त्यामुळे ते खपून गेलं.

थोड्या वेळाने तो आतूनच म्हणाला, “एप्रिलमध्ये पहिली शर्यत आहे.”

“वर कोणाला घेणार?”

“दुसरं कोण आहे मला? तूच. पण ‘मोकळं’ म्हणायचं. मोठ्याने. दर वेळी.”

“म्हणेन.”

“गप्प बसायचं नाही, मामा.”

“नाही बसणार.”

एप्रिलचा पहिला शनिवार. प्रार्थना झाली, राष्ट्रगीत झालं. मी जिना चढलो, दर पायरीला थांबत. गार्नेट मचाणावर होता. त्याने माझ्याकडे बघून हिरवा झेंडा जरासा हलवला. तो नमस्कार होता की इशारा, ते कळलं नाही.

तिसाव्या फेरीला कोल्बी सहावा होता, आतल्या बाजूला एक निळी गाडी. “आहे,” मी म्हणालो. “आहे. दारापाशी. मागच्या चाकापाशी.” निळी गाडी मागे पडली. पूर्ण मागे, दोन हात अंतर सोडून. दिवसाउजेडी, चष्मा पुसलेला, शंकाच नव्हती. जो शब्द मी दहा वर्षं म्हणालो नव्हतो तो घशातून बाहेर काढला. “मोकळं!”

तो खाली आला नाही.

“मोकळं, कोल्बी. मोकळं आहे.”

अख्खा सरळ पट्टा तो वरच राहिला. छपरावरून आतला माणूस दिसत नाही, पण तो काय करत होता ते मला कळलं. त्या थरथरणाऱ्या आरशात तो स्वतः बघून घेत होता. तेवढ्यात मागून एक लाल गाडी आतून घुसली आणि त्याच्या पुढे गेली. माझा शब्द ऐकून आला असता तर ती जागा त्याची होती.

आता तो सातवा. लाल गाडी निघून गेली, आतली बाजू पुन्हा रिकामी झाली. मी पुन्हा म्हणालो, “मोकळं.” त्याने पुन्हा आधी बघून घेतलं, मग खाली आला.

बरोबरच केलं त्याने. शर्यतीच्या सत्तर फेऱ्या राहिल्या होत्या. मी रेडिओचं बटण दाबून धरलं आणि दिसेल ते सांगत राहिलो.